घरापासून घरापर्यंत किती तास?

परदेशात राहायला शहर निवडताय म्हणून तुम्ही विचारलंत, दोन शहरांमधल्या हवाई अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर प्रवासाचे तास निघतील ना? बारा वर्षांपूर्वी देश सोडताना मीही हाच हिशेब वहीत मांडला होता. तो फार तोकडा पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

संगणकावर दिसतं ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं असतं. विमान त्याच वाटेने जाईल याची खात्री नाही. हेलसिंकी ते टोकियो साधारण ७,८०० किलोमीटर. रशियावरून जाणारं विमान पूर्वी साडेनऊ तासांत पोहोचायचं. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि त्याच प्रवासाला तेरा तास लागू लागले.

वाऱ्याचाही हिशेब धरा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना साधारण सात तास, तर परतताना आठ. तुमच्या मार्गाचे जाण्याचे आणि येण्याचे तास वेगवेगळे बघा. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, त्यांची वजाबाकी करू नका. टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं! 'एकूण कालावधी' लिहिलेला असतो, तोच खरा.

पण माणूस खरा अडकतो तो विमान बदलताना. वडिलांना अचानक इस्पितळात नेल्याचा फोन आला, तेव्हा मी घाईत दोन वेगळी तिकिटं काढली. एकत्र तिकिटापेक्षा ती स्वस्त होती आणि मध्ये दोन तास दहा मिनिटं होती. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा उतरलं. तिकिटं वेगळी, त्यामुळे बॅग पुढे जाणार नव्हती. ती घ्यायची, बाहेर पडायचं, पुन्हा चेक-इन करायचं. पट्ट्यावर त्याच त्या दोन निळ्या बॅगा फिरत राहिल्या, माझी येईना. ती हातात आली तोवर पुढचा काउंटर बंद झाला होता. एकाच तिकिटावर असते तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची होती. मला नवं तिकीट काढावं लागलं आणि चौदा तास बाकावर काढावे लागले. बाबा बरे झाले, पण शस्त्रक्रियेला आत नेताना मला त्यांच्याजवळ असायचं होतं, ते राहिलं.

म्हणून कळकळीने सांगते, दोन पैसे जास्त गेले तरी सगळा प्रवास एका तिकिटावर घ्या आणि मध्ये निदान तीन तास ठेवा. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर आणखी थोडे. तिथे एक तिकीट असलं तरी पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि सहसा बॅगही घेऊन पुन्हा द्यावी लागते.

शहर निवडताना आणखी एक बघा: तिथून घराच्या दिशेने रोज विमान आहे, की आठवड्यातून तीनदाच? थेट उड्डाण नऊ तासांचं असलं तरी ते परवा असेल तर अडीअडचणीला काय कामाचं? दारातून निघाल्यापासून विमानतळ, आधीचे तीन तास, उड्डाणं, मधला थांबा, बॅग आणि शेवटची गाडी, सगळं मिळवा आणि येणारा आकडा घरच्यांना सांगून ठेवा. माझा सव्वीस तासांचा आहे. आईने तो फोनशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.