कावळा शिवला नाही म्हणून आबा रागावलेले नाहीत

प्रिय सोनू,

परवा रात्री दिवा घालवल्यावर तू विचारलंस, "आई, आबांच्या दहाव्याला कावळा आलाच नाही. म्हणजे आबा रागावलेत का? आणि तुम्ही सगळे त्या भाताशी काय बोलत होतात?" व्हिडिओ कॉलवर तुला घाटावरचं अर्धवटच दिसलं असणार, त्यात वाऱ्याने आवाज येत नव्हता. अशा प्रश्नाचं उत्तर पेंगुळलेल्या डोळ्यांनी ऐकायचं नसतं, म्हणून लिहिते आहे. जोडाक्षरं अडली तर बाबांना विचार.

आधी पहिलं. आबा रागावलेले नाहीत. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात, साताऱ्याची माणसं दहाव्याला तिथेच जातात. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी तुला दाखवली होती ना, तेच गाव. त्या सकाळी घाटावर आणखीही घरांचे दहावे होते. कावळे खाऊन तृप्त होऊन झाडावर बसले होते. त्यांना भूकच नव्हती.

आता तुझा दुसरा प्रश्न, तो जास्त महत्त्वाचा.

माणूस गेलं की दहा दिवस सुतक असतं. दहाव्या दिवशी नदीवर भाताचे पिंड मांडतात आणि शेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. मामाने आबांसाठी कंदी पेढा ठेवला आणि कपभर चहा, चांगली दोन चमचे साखर घातलेला, कारण मधुमेह निघाल्यापासून आजी त्यांना तसा चहा मिळू देत नव्हती. मग सगळ्यांनी मागे सरकायचं. कावळा पिंडाला शिवला तर गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही, असं आपल्याकडे मानतात. नाही शिवला, तर घरच्यांनी आठवायचं, काय बरं राहिलं असेल? आणि एकेकाने पुढे होऊन, हात जोडून, सगळ्यांदेखत ते कबूल करायचं.

मामा पुढे झाला. "आबा, आईची काळजी करू नका, मी आहे." काका म्हणाले, "बांधाचं भांडण मिटवतो, कोर्टात जाऊ देत नाही." एकही कावळा खाली उतरेना. मग जो तो आठवायला लागला. आबांच्या बहिणीने, म्हणजे तुझ्या आत्याआजीने, विहिरीजवळच्या आंब्याला पाणी घालायचं कबूल केलं. मी म्हणाले, "आबा, सोनूला सायकलचं पंक्चर काढायला तुम्ही शिकवणार होतात. मी शिकवेन." तेव्हा तुझं नाव ऐकू आलं म्हणालीस ना, ते हेच.

शेवटी एसटी डेपोतले आबांचे जुने सोबती काठी टेकत पुढे आले. म्हणाले, "आपल्या त्या कंडक्टरच्या बायकोचे पेन्शनचे कागद तू घेऊन फिरत होतास. ते आता माझ्याकडे." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आजीलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. आबा रोज सकाळी पिशवी घेऊन "जरा जाऊन येतो" म्हणत, ते त्या बाईंसाठी कचेरीत खेपा घालत होते.

मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तसंही चालतं, त्यात कमीपणा काही नाही. मला तर वाटतं, कावळा लगेच आला असता तर हे पेन्शनचं आम्हाला कधी कळलंच नसतं.

आबांना ऐकू गेलं का, ते मला सांगता येणार नाही. पण मामा सगळ्यांसमोर बोललाय, आता त्याला ते टाळता यायचं नाही.

तुला आठवत असेल, इथे आपल्या शेजारच्या आजी गेल्या तेव्हा अंत्यविधीची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर त्यांच्या घरात कुणी तो विषय काढत नव्हतं. ती त्यांची रीत, मी तिला नावं ठेवत नाही. पण आपल्या घरात मरणाचं बोलणं लपवत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. तुझी आजी निवडता निवडता सहज म्हणते, "माझं काय, पिकलं पान." तू दचकतेस. ती मात्र शांतपणे पुढची शेंग सोलते.

आबाही तसेच. सत्तरी उलटल्यावर त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला, तेव्हा आजी रडली होती. ते म्हणाले, "एकदा सांगून ठेवलं की मी जेवायला मोकळा." त्याच आठवड्यात ते बोलणं तुटलेल्या चुलतभावाकडे आपणहून चहाला गेले. पूर्वी तासन्‌तास पेपर वाचून सरकारवर चिडायचे, ते कमी झालं. त्यांनी काय काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, हे मला आत्ता मागे वळून बघताना दिसतंय. गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. मामाने आधी तो फोन केला, मग मला.

घाटावर उभी असताना माझ्या मनात एकच येत होतं, की हे सगळं आजीला आत्ताच का विचारू नये? तेराव्याचं गोड जेवण झालं, पाहुणे पांगले, तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि सरळ विचारलं, "आई, तुझं काय राहिलंय?" आधी म्हणाली, "मला मेलीला काय हवंय." पुन्हा विचारलं. बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, तिला गणपतीपुळ्याला जायचंय. समुद्र बघायचाय. लग्नानंतर एकदा ठरलं होतं, पण कुंभार्ली घाटात गाडी लागते म्हणून ती कुणाला बोललीच नाही. आणि अजून एक, तुझ्याबरोबर एका खोलीत झोपायचंय, मला आणि मामाला बाहेर काढून.

तर ईस्टरच्या सुट्टीत जातोय. घाटात सावकाश, थांबत थांबत जाऊ. शाळेला सुट्टी नक्की कुठल्या तारखेला लागते ते उद्या विचारून ये, म्हणजे तिकिटं काढते. आणि शनिवारी सायकल खाली काढून ठेव.

तुझी,
आई