खून, सदोष मनुष्यवध आणि तुरुंगातील नामांकित कैदी

प्रश्न : माणसाचा जीव गेल्यावर कधी खुनाचा, कधी सदोष मनुष्यवधाचा, तर कधी केवळ निष्काळजीपणाचा गुन्हा का लागतो? प्रसिद्ध कैद्यांना तुरुंगात वेगळी वागणूक देण्याची कायद्यात सोय आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मृत्यू सारखाच असला, तरी तो घडवणाऱ्याच्या मनात काय होते आणि परिणामाची त्याला कितपत जाणीव होती, यावर गुन्ह्याचा प्रकार ठरतो. जीव घेण्याच्या इराद्याने, किंवा सामान्यतः मृत्यू ओढवेलच अशी दुखापत हेतुपुरस्सर करून मारले, तर तो खून होय. भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 नुसार त्याला फाशी किंवा जन्मठेप आहे. मात्र अचानक उद्भवलेल्या भांडणात रागाच्या भरात, पूर्वयोजना नसताना आणि अघोरीपणा न करता हे घडले असेल, तर तो कलम 105 खालील सदोष मनुष्यवध ठरू शकतो. अविचाराने किंवा हयगयीने झालेला मृत्यू कलम 106 मध्ये येतो.

ही सीमारेषा किती महत्त्वाची असते, हे वांद्र्यातील 2002 च्या अपघाताच्या खटल्यात दिसले. सलमान खान यांच्यावर हयगयीचे कलम लावायचे, ज्याची कमाल शिक्षा तेव्हा दोन वर्षे होती, की दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे सदोष मनुष्यवधाचे, यावरच अनेक वर्षे वाद चालला. मे 2015 मध्ये सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.

आता तुरुंगाविषयी. प्रसिद्धी म्हणून कोणतीही सवलत मिळत नाही. मात्र 1894 च्या तुरुंग कायद्याने कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याला, तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून बाहेरून अन्न, कपडे व अंथरूण मिळवण्याची मुभा दिली होती. त्यामुळे नटाला घरचा डबा मिळाला म्हणून लगेच संतापू नये; खरा संताप यावा तो याचा, की तोच हक्क असलेल्या गरीब कैद्यासाठी अर्ज करायलाही कोणी नसते.

ऑगस्ट 2024 मध्ये बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार कारागृहात मात्र प्रकार वेगळाच होता. एका चाहत्याच्या हत्येच्या आरोपाखाली अटकेत असलेले कन्नड अभिनेते दर्शन इतर कैद्यांसोबत खुर्चीवर निवांत बसून सिगारेट ओढत असल्याचे छायाचित्र बाहेर आले. तुरुंगातले अधिकारी निलंबित झाले आणि दर्शन यांना बळ्ळारीला हलवण्यात आले. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांचा जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की पुन्हा विशेष वागणूक दिल्याचे आढळल्यास प्रथम तुरुंग अधीक्षकाला निलंबित केले जाईल. हा इशारा मला फार मोलाचा वाटतो, कारण आतल्या कोणाच्या तरी संमतीशिवाय अशी बडदास्त ठेवली जाऊच शकत नाही. दर्शन यांच्यावरील आरोप सिद्ध होतात की नाही, हा खटल्याचा स्वतंत्र विषय आहे.

आपल्या ओळखीचा कोणी कच्चा कैदी असेल आणि वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्यासाठी अर्ज करावा.