वाचक विचारतात: कॉफीचा ताजा दाणा घ्यावा कसा, ठेवावा कसा

मागच्या अंकात जवस आणि तिळाचं तेल खवट होऊ नये म्हणून काय करावं यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ कॉफीबद्दल होती की कॉफीही तशीच, भाजली की दिवस मोजायचे. त्या एका ओळीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आपल्याकडे चहाच मोठा, पण पुण्या-बंगलोरला शिकायला गेलेली पोरं घरी येताना कॉफीची पाकिटं घेऊन येतात, आणि मग ती पाकिटं ठेवायची कशी हा प्रश्न घरच्यांवर येतो. म्हणून यावेळी सगळी उत्तरं कॉफीचीच.

"ताई, मी दर्यापूर तालुक्यातला, शेती करतो. लहान भावानं कॉफीचा नाद लावून देला. मागल्या महिन्यात शहरात गेलो तं तिथल्या एका मोठ्या दुकानातून बीन्सचं एक किलोचं पाकीट आणलं, इम्पोर्टेड, चांगलं महागाचं. घरी दळली, केली, तं वासच नाही. कुटार भिजवल्यासारखं पाणी. माह्या करण्यात चुकून राहिलं का मालच तसा? घेताना नेमकं पाहू काय?"

भाऊ, तुमचं करण्यात काही चुकलं नाही, माल जुना होता. ते पाकीट उलटं करून पाहा, त्यावर बेस्ट बिफोर लिहिलेलं असेल, वर्ष-दीड वर्ष पुढची तारीख असेल, पण दाणा भाजला कधी हे बहुतेक लिहिलेलं नसेल. आणि खरी तारीख तीच. कॉफीचा कच्चा हिरवा दाणा कोरड्या जागी सहा महिने, वर्षभर नीट राहतो, आपल्या तुरीसारखा. पण एकदा भाजला की तो भाजलेला शेंगदाणा झाला समजा. भाजताना दाण्याच्या आत कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, तो पुढं कित्येक दिवस हळूहळू बाहेर येत राहतो, आणि तो येत असतो तोवर हवा आत शिरायला जरा अडते. तो संपला की हवेतला ऑक्सिजन दाण्यातल्या तेलाला लागतो, सुगंध उडतो आणि मागं राहतं ते तुमचं कुटार.

म्हणून पाकिटावर आधी रोस्ट डेट, म्हणजे भाजल्याची तारीख, शोधा. पॅकिंगची तारीख वेगळी, तिच्यावर जाऊ नका. भाजून चार-पाच दिवस झालेले असावेत (अगदी कालचा दाणा वायूनं भरलेला असतो, चव नीट उतरत नाही) आणि तिथून पुढं चार-पाच आठवड्यांत दाणा संपावा, हा माझा हिशोब. दीड-दोन महिने झालेला माल पिता येतो, विषारी काही होत नाही, पण त्याला ताज्याचे पैसे देऊ नका.

तारीख नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा, भाऊ हा दाणा भाजला कधी? जो स्वतः भाजतो त्याला माहीत असतंच, तो वार सांगेल. नागपुरात आता स्वतः भाजून विकणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जाऊन वास घेऊन पाहता येतं हा मोठा फायदा. पण जवळचा म्हणजे ताजाच असं धरून चालू नका. काचेच्या उघड्या बरणीत महिनाभर उन्हात ठेवलेल्या नागपूरच्या दाण्यापेक्षा ऑर्डर आल्यावर भाजून चिकमगळूरहून पाठवलेला दाणा मी केव्हाही घेईन. तसंही देशातली जवळपास ७० टक्के कॉफी कर्नाटकातच होते, त्यामुळं नागपूरवालाही कच्चा दाणा बहुतेक चिकमगळूर, कोडगू, नाहीतर आंध्रातल्या अराकूहूनच आणत असणार.

दाणा हातात घेऊन पाहा. मध्यम भाजलेला दाणा तांबूस-तपकिरी आणि कोरडा दिसतो. खूप काळा भाजलेला असेल तर त्यावर तेलाची चकाकी असते, तो मुद्दाम तसा भाजलेला असू शकतो, पण मध्यम रंगाच्या दाण्यावर तेल आलेलं दिसलं तर तो जुना झाला. एक दाणा दाताखाली धरा, ताजा कटकन फुटतो, सर्दावलेला दबतो. आणि घरी आणल्यावर शंका असेल तर मूठभर दाणे झिपलॉकच्या पिशवीत घाला, हवा पूर्ण काढून बंद करा, रात्रभर राहू द्या. सकाळी पिशवी फुगलेली असेल तर दाण्यात अजून वायू आहे, माल ताजा. चपटीच राहिली तर समजून घ्या.

आणि एक किलो नका घेऊ, भाऊ. दोघंजण पिणार तर २५० ग्रॅम पंधरा-वीस दिवस पुरते.

"आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो म्हणून मी कॉफीचे दाणे फ्रीजमध्ये ठेवले, तर कॉफीला लसणाच्या ठेच्याचा वास येतो. बाहेर ठेवू तर गरमीनं खराब होईल ना? फ्रीजर चालेल का? लाइट तर आमच्याकडे कधीही जाते."

ताई, ठेच्याचा वास येणारच. भाजलेला दाणा आतून सच्छिद्र असतो, शेजारच्याचा वास आणि ओल दोन्ही ओढून घेतो. त्यात फ्रीजचं दार दिवसातून वीस वेळा उघडतं, थंड डबा बाहेर काढला की त्याला पाणी सुटतं, जसं बर्फाच्या पाण्याच्या लोट्याला बाहेरून सुटतं तसं, आणि ते पाणी दाण्यावर बसतं. म्हणून रोज काढ-घाल करायचा डबा फ्रीजमध्ये नकोच.

दाण्याचे वैरी चार, हवा, ओल, उष्णता आणि उजेड. आपल्याकडे उन्हाळ्यात उष्णता आणि पावसाळ्यात ओल, दोन्ही जोरात. मी करते ते सांगते. ज्या पाकिटात दाणा आला, ज्याला आतून चंदेरी पत्रा असतो आणि वर बारकं छिद्र, व्हॉल्व्ह म्हणतात त्याला, ते पाकीट फेकत नाही. दाणे त्यातच ठेवते, दर वेळी हवा दाबून काढते, तोंड दुमडून कपड्याचा चिमटा लावते आणि ते पाकीट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबा लहानच घ्या, मोठ्या डब्यात तळाशी मूठभर दाणे म्हणजे वर सगळी हवाच. आणि ज्या डब्यात आधी गोडा मसाला, काळा मसाला होता तो कितीही घासला तरी कॉफीला वापरू नका, माझा एक पाव किलो दाणा असाच गेला, फार वाईट वाटलं.

डबा ठेवायचा कुठं? घरात सगळ्यात थंड आणि अंधारी जागा मधल्या खोलीत असते, तिथल्या कपाटाचा खालचा कप्पा. गॅसच्या ओट्यावर नको, फ्रीजच्या डोक्यावर नको, तिथं गरम असतं. आणि कूलरच्या खोलीत तर मुळीच नको, हे कोणी सांगत नाही, खोली थंड वाटते म्हणून लोक तिथंच ठेवतात, पण कूलर हवेत पाणी सोडत राहतो, पापड मऊ पडतात तिथं कॉफीचं काय होईल.

मे महिन्यात जास्तीचा दाणा असेल तर फ्रीजर चालतो, पण एका अटीवर. आठवडाभर पुरेल एवढ्या पुड्या करा, हवा काढून पक्क्या बंद करा, एक पुडी काढली की ती बंदच राहू द्या, पूर्ण नॉर्मल झाल्यावरच उघडा आणि परत आत ठेवू नका. दोन-तीन तास लाइट गेली आणि दार उघडलं नाही तर काही होत नाही. पण तुमच्याकडे दिवस दिवस जात असेल तर या भानगडीत पडू नका, उन्हाळ्यात १०० ग्रॅम, १५० ग्रॅमच मागवा. मागवताना सोमवारी पाठवायला सांगा म्हणजे रविवारी पार्सल गोदामात तापत पडणार नाही.

"मी निवृत्त शिक्षक. नोकरीच्या आधी काही वर्षं मद्रासला होतो, तिथली फिल्टर कॉफी विसरलो नाही. स्टीलचा फिल्टर अजून आहे. पावडरीत चिकरी किती असावी? पावसाळ्यात पावडरीचे गोळे होतात."

सर, चिकरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, आपल्या देशात गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा येतो, दुधात छान लागते. नियमाप्रमाणं कॉफी-चिकरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असलीच पाहिजे आणि पाकिटावर प्रमाण लिहावं लागतं, ते बारीक अक्षर वाचाच. कॉफीची चव हवी असेल तर ८० कॉफीला २० चिकरी, याच्या खाली येऊ नका. गोळे होतात ते चिकरीनंच, ती ओल फार पटकन धरते. जमलं तर शुद्ध कॉफीचे दाणे वेगळे घ्या, चिकरीची छोटी पुडी वेगळी, आणि फिल्टर भरताना दोन्ही मिसळा. पावडरच घ्यायची असेल तर १०० ग्रॅमच्या वर नको, दळलेली कॉफी काही दिवसांतच उतरते.

"घरी ग्राइंडर नाही, मिक्सर आहे. चालेल का?"

चालेल. चटणीचं लहान भांडं घ्या, कोरडं ठणठणीत, आणि एकसारखं फिरवू नका, चालू-बंद, चालू-बंद करा, मधे भांडं हलवा. सतत फिरवलं की पातं तापतं आणि वास तिथंच उडून जातो. जेवढी प्यायची तेवढीच दळा.

"आम्ही चिखलदऱ्याला फिरायला गेलो होतो, तिथून कॉफीचे कच्चे दाणे आणले. घरी भाजता येतात का?"

हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण मी परतवाड्याकडची, चिखलदरा आमच्या डोक्यावर. इंग्रजांच्या काळापासून तिथं कॉफी आहे, सुमारे १,१०० मीटर उंची, थंडी, सावली, म्हणून जमते, आणि विदर्भातल्या कित्येकांना हे माहीतच नसतं. दाणा आपल्याकडचा आहे म्हणून त्याला जरा मनापासून वेळ द्या.

आधी निवडा, काळे पडलेले, भोकं असलेले, फुटके बाजूला. लोखंडी कढईत एका वेळी मूठ-दोन मुठी, मध्यम आच, आणि हात थांबवायचा नाही, जसे आपण फुटाण्यासाठी हरभरे हलवतो तसे. दाणा आधी पिवळा होतो, ओल्या गवताचा वास येतो, मग भाकरी शेकल्याचा. वरचं पातळ साल उडायला लागतं, म्हणून हे काम अंगणात करा, धूरही बराच होतो. आठ-दहा मिनिटांनी, आचेवर आहे ते, तडतड ऐकू येईल, ज्वारीच्या लाह्यांसारखी. ती पहिली तड. ती थांबत आली की मिनिटभरात उतरवा, मध्यम भाजला. पुढं गेलात तर दुसरी तड येते, बारीक आणि घाईची, तिथं दाणा काळा आणि कडू होतो, दुधासाठी कोणाला आवडतो, मला नाही.

उतरवल्याबरोबर सुपात घ्या आणि पाखडा, साल उडून जाईल आणि दाणा लवकर थंड होईल, कढईत राहिला तर आतल्या आत भाजतच राहतो. १०० ग्रॅमचे ८०-८५ ग्रॅम भरतील, घाबरू नका, पाणी उडालं. पूर्ण थंड झाल्यावर डब्यात भरा आणि पहिला दिवस झाकण सैलच राहू द्या, वायू निघतो. पहिला कप चौथ्या दिवशी करा.