हसायचे ते सबबीला

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तीन व्यंगचित्रे मिळाली. हवामानबदलासारख्या विषयावर लोकांना हसवणे म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखेच नाही का, आणि लोक हसून पुढे जाणार असतील तर हे काढायचे तरी कशाला, असे तू विचारले आहेस. तुझ्या वयात हा प्रश्न मलाही पडला होता. मी तो टाळला, आणि पुढची कित्येक वर्षे चुकीच्या गोष्टींवर शाई खर्च केली.

तुझ्या पहिल्या चित्रात पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर आहे आणि डोळ्यांत पाणी. रेषा सुरेख आहे. पण हे चित्र मी स्वतः निदान वीसदा काढले असेल, आणि त्याने एकाही माणसाची झोप उडवलेली नाही. आजारी पृथ्वी पाहून माणूस हळहळतो, आणि त्या आजाराशी आपलाही काही संबंध आहे हे त्याच्या मनाला शिवतसुद्धा नाही. पृथ्वीला हसायचे नसते, पुरात घर गेलेल्याला तर नाहीच नाही. हसायचे ते सबबीला.

माहितीची वाण आहे म्हणून हे घोडे अडलेले नाही. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतो हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हे तुला पाठ आहे, आणि ज्यांनी निर्णय घ्यायचे त्यांनाही ते ठाऊक आहे. तरीही 'हवामान पूर्वीही बदलतच होते', 'आधी त्यांनी करावे, मग आम्ही' ही वाक्ये सभ्य चेहऱ्याने बोलली जातात, आणि त्यांच्यापुढे आकड्यांचे काही चालत नाही. एखादा वकील न्यायालयात गंभीरपणे म्हणतो आहे, 'माणसे पूर्वीही आपोआप मरतच होती, तेव्हा माझ्या अशिलाने खून केलेला असणे शक्यच नाही', असे चित्र काढ. ज्याला त्या वकिलाचे हसू आले, त्याला पहिली सबब पुन्हा तोंडातून काढणे जड जाईल.

अमेरिकन व्यंगचित्रकार जोएल पेट यांचे २००९ च्या कोपनहेगन हवामान परिषदेच्या सुमारास आलेले चित्र तू पाहिलेच असशील. व्यासपीठावरच्या फलकावर स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी, निरोगी मुले अशी फायद्यांची यादी आहे, आणि श्रोत्यांतला एकजण विचारतो की हे सगळे थोतांड निघाले आणि आपण उगाचच चांगले जग घडवून बसलो तर? त्यात ना बर्फावरचे अस्वल आहे ना अश्रू. आहे ती फक्त एक सबब, तीही तिच्याच तोंडून वदवलेली.

तुझे दुसरे चित्र म्हणूनच मला आवडले. गोल उभे राहून प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, ही रचना अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्ट यांनी १८७१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या भ्रष्ट राजकारण्यांवर वापरली होती. ती तुला ठाऊक असो वा नसो, तू योग्य जागी पोहोचला आहेस. फक्त मधोमध ठेवलेला रडका पृथ्वीगोल काढून टाक. एवढी बोटे दिसत असताना त्याला रडवायची गरजच काय?

तिसऱ्या चित्राबद्दल मात्र मला रागवावे लागेल. तरंगता हिमखंड वितळतो आहे आणि त्यामुळे शहर बुडते आहे, असे तू दाखवले आहेस. हीच चूक माझ्या नावावर जमा आहे. ते चित्र छापून आल्यावर एका वाचकाने पोस्टकार्डावर एवढेच लिहिले होते: 'पेल्यात बर्फ टाका, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि थांबा.' मी टेबलावर पेला ठेवला, काचेवर पेन्सिलीने रेघ मारली आणि तासभर बसून राहिलो. बर्फ गेला, पाणी रेघेवरच होते. समुद्र वाढतो तो मुख्यतः जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात आल्याने आणि पाणी तापून प्रसरण पावल्याने. पुढे कित्येक महिने माझे ते चित्र दाखवून 'बघा, यांना शाळेतले विज्ञानही येत नाही' असे सांगितले जात होते. ज्या सबबींवर मी हसायला निघालो होतो, त्यांत माझ्याच हाताने एकीची भर पडली.

लोक हसून पुढे जातात, हे तुझे दुःख मला फारसे पटत नाही. लोक अग्रलेख वाचूनही पुढेच जातात. तुझ्या चित्रातल्या माणसाला ते ओळखतात का, आणि तो आपल्यासारखा दिसतो म्हणून क्षणभर अवघडतात का, एवढेच तू पाहायचे.

एका संपादकांनी मला चित्रातल्या कारखानदाराच्या जागी काळा ढग काढायला सांगितले होते, आणि मी तो काढून दिला. ढगाला कोण जाब विचारणार? त्यानंतर मी कोणालाही माणसाच्या जागी ढग काढून दिला नाही. त्यापायी माझे साप्ताहिक सदर गेले, मित्र मला हेकट म्हणू लागले आणि घरच्यांना ओढाताण सोसावी लागली. थोडे जुळवून घेतले असते तर अधिक लोकांपर्यंत पोहोचलो असतो, असे आजही कोणी ना कोणी ऐकवतो. असेलही तसे. पण जे पोहोचले असते ते ढगाचे चित्र असते, आणि त्यासाठी मला टाक हातात घ्यायचा नव्हता.

तिसरे चित्र पुन्हा काढशील तेव्हा बर्फ डोंगरावर दाखव, आणि शहरात खिडकीशी उभा राहून 'अजून घोट्यापर्यंतच आहे' असे फोनवर सांगणारा एक माणूस घाल. त्याचा चेहरा खलनायकासारखा नको. तुझ्या-माझ्यासारखा असू दे. कच्चे रेखाटन झाले की आधी मला पाठव, शाई नंतर भर.

तुझा,
एक जुना चित्रकार