दक्षिण मुंबईतल्या जुन्या थिएटरांचं पुढे काय झालं?

प्रत्येकाचं नशीब वेगळं. कुलाब्याचं रीगल (१९३३) एकपडदाच राहिलं. धोबीतलावचं मेट्रो अमेरिकेच्या एमजीएम कंपनीनं १९३८ मध्ये उघडलं, २००६ मध्ये त्याचं मल्टिप्लेक्स झालं. चर्चगेटसमोरचं इरॉसही १९३८ चंच. काही वर्षं ते बंद होतं, मग २०२४ मध्ये आयमॅक्स (खूप मोठ्या पडद्याचं थिएटर) म्हणून उघडलं. त्याचा लाल दगडाचा दर्शनी भाग वाचला याचा मला मनापासून आनंद आहे, पण आतला तो भव्य हॉल गेला, हे नुकसान मोठंच.

बाकीच्यांची अडचण नियमाची. थिएटर पाडलं तरी नव्या इमारतीत ठरावीक खुर्च्यांचं थिएटर ठेवावं लागतं. खेळ परवडत नाहीत, पाडणंही सोपं नाही, म्हणून कित्येक ठिकाणी नुसती कुलपं आहेत.