चेंबरमधली एक गोळी

कडोली, जि. बेळगाव
कोजागरीनंतरचा रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ट्रेनिंग संपल्यावरच्या तुझ्या कसम परेडला मी आलो होतो, पण त्या गर्दीत आपलं नीट बोलणं झालं नाही. तुझी आई इरकल नेसून पुढच्या रांगेत बसली होती आणि बँड वाजायच्या आधीपासूनच डोळे पुसत होती. तिच्या देखत हे विषय काढण्यासारखे नव्हतेच. परवा तुझा फोन आला, पलटणीत हजर झालास, पुढे कुठे जायचंय तेही सांगून टाकलंस. ते ठिकाण मी इथे लिहीत नाही. तूही फोनवर पुन्हा कुणाला सांगायचं नाही, मलासुद्धा नाही. फोन ठेवला आणि ठरवलं, जे बोलायचं राहिलं ते लिहूनच काढावं.

शौर्याचं मी काही लिहिणार नाही. ट्रेनिंग सेंटरच्या मैदानावर ते तुझ्या अंगात भिनलंय. मला लिहायचंय माणसं राखण्याबद्दल. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिरंग्यातल्या ज्या पेट्यांना मी खांदा दिला, त्यातली बरीच पोरं शत्रूच्या गोळीने गेलेली नव्हती. कुणी गाडीत गेला, कुणी उन्हात, कुणी बंकरमध्ये झोपेत. पेटीबरोबर त्यांच्या गावी जायचं काम माझ्याकडे आलं. "कसं झालं वो साहेब?" म्हणून म्हातारा बाप विचारतो, तेव्हा खाली बघण्यापलीकडे काही सुचत नाही. शत्रूशी लढताना गेला, हे सांगता येतं. गाडीवाल्याला झोप लागली, हे कसं सांगायचं?

एक दिवस तुला सविस्तर सांगतो. उत्तरेकडची एक रेंज, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान होतं, मी तेव्हा हवालदार. फायरिंग चालू असताना लाल झेंडे चुकवून गुरं रेंजमध्ये शिरली आणि "फायर बंद"चा हुकूम मध्येच द्यावा लागला. एका जवानाच्या दोन गोळ्या उरल्या होत्या. एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत सुटायला तयार, एक मॅगझिनमध्ये, म्हणजे खालच्या गोळ्यांच्या डबीत. चांगला नेमबाज पोरगा, तीन वर्षांची नोकरी. रायफल खाली, म्हणजे रिकामी करताना त्याने आधी कॉकिंग हँडल, म्हणजे बाजूचा खटका ओढला. चेंबरमधली गोळी टणकन बाहेर पडली, त्याने ती उचलून खिशात टाकली. मग मॅगझिन काढलं. बघितलं तर मॅगझिन रिकामं. झालं, रायफल खाली झाली, असं त्याने धरलं.

आता तूच बघ, काय झालं ते. हँडल ओढून सोडलं तेव्हा मॅगझिन अजून लागलेलं होतं. गोळी पुढे ढकलणारा बोल्ट पुढे जाताना उरलेली शेवटची गोळी घेऊनच चेंबरमध्ये बसला. मॅगझिन रिकामं दिसलं ते त्यामुळेच. कामं दोन्ही केली, फक्त उलट्या क्रमाने. त्याने नळी जमिनीकडे करून ट्रिगर दाबला. गोळी दगडावर आपटली आणि तिची कपची शेजारच्या पोराच्या पोटरीत घुसली. पाय वाचला, पण पोरगा आजही थंडीत लंगडतो.

चूक त्या एकट्याची नव्हती. रायफली तपासत जायचं काम माझं होतं. शेवटून तिसऱ्यापर्यंत मी पोचलो आणि मागून चहा आल्याची हाक आली. मी मान वळवली. तेवढ्यात झालं ते झालं. ही गोष्ट मी वीस वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो, तुला पहिल्यांदा लिहितोय. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ज्याच्या पोटरीत कपची गेली, तो हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला, "उस्ताद, त्याने हँडल आधी ओढलं ते मला दिसलं होतं. पण तो सीनियर. मी कसं बोलू?"

म्हणून आधी मॅगझिन. मग दोन-तीनदा कॉकिंग. मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. नळी कायम अशा दिशेला, की चुकून सुटलीच तर मातीतच जाईल. हे तुला पाठ आहे, मला ठाऊक आहे. त्यालाही पाठ होतं. रेंजवर फायर करताना सगळे सावध असतात. गोळी सुटते ती फायरिंग संपल्यावर, कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत जमा करताना, साफसफाई करताना, ड्युटी बदलताना. पाठ असलेली गोष्ट हात करतो आणि डोकं चहाकडे असतं, त्या वेळची खरी भीती बाळग.

आणि शेजाऱ्याचं चुकलेलं दिसलं तर बोल. तो तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असला तरी बोल. "साहेब, एकदा परत बघूया का?" एवढं म्हटलं तरी पुरतं.

गडहिंग्लज तालुक्यातली नेसरी आपल्याला काही लांब नाही. तुझ्या शाळेची सहल गेलीच असेल. १६७४ च्या फेब्रुवारीत सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, सातही जण कामी आले. त्या निष्ठेपुढे मी आजही डोकं टेकतो. पण माझ्या हाताखाली माणसं आली तेव्हापासून त्या स्मारकापुढे उभं राहिलं की दुसरंही मनात येतं. राज्याभिषेक जेमतेम चार महिन्यांवर आला होता आणि स्वराज्याने आपला सेनापती एका धडकेत गमावला. सरनौबताच्या घोड्याचा लगाम धरून "राव, जरा थांबा, मागची फौज येऊ दे" असं म्हणणं सोपं नसतं. म्हणणारा त्या क्षणी भित्रा दिसतो. मला वाटतं, सात जणांत मिसळून दौडायला जेवढी छाती लागते, तेवढीच ते एक वाक्य बोलायला लागते. गावात माझं हे म्हणणं काहींना रुचत नाही, तरी मी ते सोडणार नाही.

फौजेत "थोडक्यात वाचलो"ची गोष्ट लंगरमध्ये, म्हणजे जेवणघरात हसत सांगतात आणि जेवणाबरोबर संपवतात. माझा एक मित्र हवाई दलातून निवृत्त झालाय, सांबऱ्यालाच त्याचं पहिलं ट्रेनिंग झालं. तो सांगतो, विमानाच्या दुरुस्तीत पाना-पेचकसांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. काम संपलं की एक जरी आकृती उघडी दिसली, तर पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. हरवला तर सांगायचा, लपवायचा नाही. लपवलेला पाना इंजिनात सापडतो. आपल्या सेक्शनमध्येही असं वातावरण असावं, आणि ते सगळ्यात नवख्यानेच सुरू करावं लागतं, कारण नवखा बोलला की बाकीच्यांना गप्प बसणं जड जातं.

आता उन्हाचं. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. मे महिन्यातही संध्याकाळी वारं सुटतं, वळीव येऊन जातो. खानापूर-जांबोटीकडच्या पोरांना तर पावसाचीच सवय. अशा हवेत वाढलेलं अंग वाळवंटात उतरलं की त्याला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या दिवसांत कुणी कितीही डिवचलं तरी पहिल्याच सकाळी जोर दाखवायला जाऊ नकोस.

५ किलोमीटरच्या दौडीत ऊन लागलेला गडी कसा ओळखायचा? तो आधी रांगेतून तिरका पळायला लागतो. नाव विचारलं तर गावाचं नाव सांगतो, नाहीतर शिवी देतो. कधी उगाच चिडतो. घाम येतोय म्हणजे बरा आहे असं समजू नकोस. पळताना ऊन लागलं तर घाम चालूच असतो आणि आत तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. गाडीची वाट बघत त्याला सावलीत नुसतं झोपवायचं नाही. बूट, पट्टा, शर्ट काढून पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. टाकी नसेल तर जेरीकॅन ओतत राहा आणि वारा घाला. आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिला अर्धा तास लाखमोलाचा असतो. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी मात्र ओतायचं नाही.

उंचीवरचा धोका याच्या अगदी उलट, तिथे सगळं शांत असतं. लेहचं विमानतळ १०,७०० फुटांच्या आसपास. चंदीगडहून विमानात बसलेला जवान तासाभरात तिथे उतरतो. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, म्हणून पोरं व्हॉलीबॉल खेळायला निघतात. आजार येतो तो पुढच्या दोन-तीन रात्रींत. म्हणून ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, पुढे १५,००० पर्यंत ४ दिवस आणि त्याच्याही वर आणखी ४ दिवस, असा सराव ठरलेला आहे. पहिले दोन दिवस आराम म्हणजे आरामच. रजेवर येऊन बरेच दिवस खाली राहिलास, तर परत जाताना हे पुन्हा करावं लागतं. यात कुणी दिवस खाल्लेले मला कधी चाललेले नाहीत.

माझ्या सेक्शनला चंदगडकडचा एक पैलवान होता. मान अशी, की कॉलरचं बटण लागायचं नाही. दोन दिवस डोकं दुखतंय हे त्याने लपवलं, कारण पैलवानाचं डोकं दुखलं म्हणून पोरं हसतील. तिसऱ्या रात्री कोरडा खोकला सुरू झाला. बसल्या जागी धाप लागत होती, पण "सर्दी झालीय" म्हणून त्याने पांघरूण ओढून घेतलं. त्याचा बडी, म्हणजे जोडीचा जवान, खानापूरचा, दुबळासा, कधी जास्त न बोलणारा. त्याला रात्री दोन वाजता पैलवानाच्या छातीत हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू आली. पैलवान "झोप रे गपचूप" म्हणत असतानाही तो उठला, बर्फात चालत येऊन त्याने मला हलवलं. फुफ्फुसात पाणी भरत होतं. ऑक्सिजन लावून त्याला त्याच रात्री खाली उतरवलं. ताकदीचा या आजाराशी काही संबंध नाही, उलट ताकदवान माणूस जास्त वेळ लपवतो. तो पैलवान आज आपल्या काजूच्या बागेत असतो आणि दर मे महिन्यात मला डबाभर काजू पाठवतो. त्या बडीला काय पाठवतो ते मी कधी विचारलं नाही.

बंकरमध्ये बुखारी, म्हणजे उबेची शेगडी पेटवून सगळ्या फटी बुजवून झोपायचं नाही. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. हवेची वाट मोकळी ठेव आणि झोपण्याआधी बुखारी विझवलीय हे स्वतः बघ.

काही गोष्टींपुढे कुणाचं चालत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सियाचीनमध्ये १९,६०० फुटांवर हिमकड्याखाली गाडले गेले. दहा जण होते. सहा दिवसांनी ते जिवंत सापडले, तेव्हा आपल्याकडे देवळा-देवळांत अभिषेक झाले होते. तरी ११ तारखेला ते गेले. त्यांची आठवण आली की मला बाकीच्या टाळता येणाऱ्या मरणांचा जास्तच राग येतो.

गाडीचं सांगतो. २४ डिसेंबर २०२४ ला पूंछमध्ये आपल्याच मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची गाडी दरीत कोसळून पाच जण गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातलेही होते. त्या अपघाताबद्दल इथे बसून काही बोलायचा मला अधिकार नाही. पण डोंगरातल्या गाडीत बसशील तेव्हा एवढं कर. ड्रायव्हरशेजारी बसलास तर तुझी ती ड्युटी आहे, झोपायची जागा नव्हे. त्याच्याशी बोलत राहा. रात्री त्याला गार्ड लागली होती का, हे निघण्याआधी विचार. झाली नसेल झोप, तर सुभेदार साहेबांना सांग. उतारावर तो खालच्या गिअरमध्ये उतरतोय की नुसता ब्रेक दाबत चाललाय, ते बघ. ब्रेक तापले की धरत नाहीत. आपल्या तवंदी घाटात ट्रकवाल्यांना विचार, तेही हेच सांगतील.

आणखी एक गोष्ट लिहायला मला जड जातंय. तुझ्या खोलीतला कुणी पोरगा एकदम गप्प झाला, जेवण सोडलं, घरच्या फोननंतर एकटाच बसू लागला, आपल्या वस्तू वाटायला लागला, तर त्याला एकटं सोडू नको. आपल्याकडे जमिनीच्या वाटणीचे वाद असतात, लग्नाची गडबड असते, आणि पोरगा दोन हजार किलोमीटर लांब बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा असतो. त्याच्याजवळ बस, स्पष्ट विचार, आणि साहेबांना सांगून त्याची हत्यारी ड्युटी बदलून घे. तो तुझ्यावर रागावेल, रागावू दे. जिवंत माणसाचा राग उतरतो.

रजेवर येशील तेव्हा आपल्याकडे गळीत हंगाम चालू असेल. रात्री हायवेवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, ना मागे दिवा ना रिफ्लेक्टर, ट्रॅक्टरवर मात्र टेप जोरात. आपल्या पंचक्रोशीतली किती पोरं अशा ट्रॉलीखाली गेली, तुलाच ठाऊक आहे. सीमेवर वर्षभर सावध राहिलेला जवान गावात आला की "इथंच तर जाऊन येतो" म्हणून हेल्मेट घरी ठेवतो. तुझ्यासाठी एक आणून तुझ्या आईकडे दिलंय. हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय ते घातलं असं मी मानणार नाही, आणि चौकातल्या कट्ट्यावरून मला येणारा-जाणारा प्रत्येकजण दिसतो.

फोन करशील तेव्हा आईला "सगळं बरं आहे" असंच सांग, तिला तेवढं पुरे. मला मात्र दर महिन्याला एक पत्र टाक. त्यात खुशाली दोन ओळींत आटप आणि त्या महिन्यात काय थोडक्यात चुकलं, कुणाला दिसलं, कोण बोललं, ते लिही. ठिकाणाचं नाव नको.

तुझा,
सुभेदार काका