हृदयावर पीएचडी करायचीय पण घरून पैसे न घेता (थोडं लांबलंय, चहा घेऊन बस)

तुझा प्रश्न असा की एमएससी बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष चालू आहे, हृदय आणि रक्ताभिसरणावरच पीएचडी करायचीय, बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, आणि बडोद्याच्या अलकापुरीतला कन्सल्टंट म्हणतो आधी फॉरेनला ॲडमिशन घे, स्कॉलरशिपचं मग बघू.

पहिलं म्हणजे त्याला फी देऊ नकोस. या लोकांचा धंदा पैसे भरून करायच्या मास्टर्सवर चालतो, त्यात ते तरबेज असतीलही, पण आपल्या लाइनमध्ये ॲडमिशनची खिडकी वेगळी आणि पैशाची वेगळी असं बहुतेक वेळा नसतंच. पैसा आधीच कुठल्यातरी गाइडच्या ग्रँटमध्ये नाहीतर एखाद्या प्रोग्रॅममध्ये पडलेला असतो आणि ते लोक त्यावर माणूस शोधत असतात. म्हणून फंडिंगशिवाय नुसतं ॲडमिशनचं पत्र आलं तर ते नकारातच धर, घरी पेढे वाटू नकोस.

मी जर्मनीत केली पीएचडी, त्यामुळे तिथलं जास्त सांगू शकते. तिथे पीएचडीवाला बऱ्याच ठिकाणी चक्क नोकरीवर असतो, पगार सरकारी स्केलच्या ई-१३ या श्रेणीचा, त्यातला साधारण ६५ टक्के हातात, आणि ट्यूशन फी नाही. बाड नाउहाइमला मॅक्स प्लांकची हृदय आणि फुफ्फुसावरची अख्खी इन्स्टिट्यूट आहे, ती बघच. ब्रिटनमध्ये या विषयातला मोठा पैसा ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचा. त्यांचे चार वर्षांचे प्रोग्रॅम ठरावीक युनिव्हर्सिट्यांत चालतात, पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमध्ये काम करून बघायचं आणि मग गाइड ठरवायचा, त्यासाठी तू स्वतः अर्ज करतेस. पण त्यांची जी सुटी पीएचडी स्टुडंटशिप असते तिचा अर्ज सुपरवायझर करतो, विद्यार्थी नाही, तेव्हा तिथे आधी माणूस गाठावा लागतो. आणि फी ते धरतात तिथल्या मुलांच्या दराने, परदेशी विद्यार्थ्याची फी त्याच्या कितीतरी वर, मधला फरक कोण भरणार हे अर्जाआधीच ईमेलवर लेखी विचारून घे. अमेरिकेत ॲडमिशनबरोबरच स्टायपेंड येतो, अर्ज मुख्यतः डिसेंबरमध्ये बंद होतात, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनची फेलोशिप आहे ती पीएचडीत शिरल्यावर मागायची असते, आत्ता तिच्या मागे लागू नकोस.

आता इकडचं. सीएसआयआर नेट ही रिसर्च फेलोशिपची देशपातळीवरची परीक्षा, तिचा लाइफ सायन्सेसचा फॉर्म शेवटच्या वर्षात असतानाच भरता येतो, भरून टाक. त्यातून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली की महिना ३७,००० आणि वर एचआरए म्हणजे घरभाडं, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर) झालीस की ४२,०००, आणि मुख्य म्हणजे ही फेलोशिप तुझी असते, गाइडची नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलताना तुझी मान ताठ असते. डीबीटी म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची बेट नावाची परीक्षा असते, तिच्यात कॅटेगरी एक आली तर तसंच, दोन आली तर फक्त त्यांच्या प्रोजेक्टमध्येच घेतात. पेपरात 'जेआरएफ पाहिजे' अशी जाहिरात येते ती बहुधा प्रोजेक्ट जेआरएफ असते, नाव तेच पण प्रोजेक्ट संपला की पगार संपला, आणि पीएचडीला नाव नोंदवू देतील की नाही हे जॉइन व्हायच्या आधीच विचारायचं. आपल्या बडोद्यातल्या एका मुलीने एका लॅबमध्ये अशीच वर्षं काढली, नाव नोंदणीचं आज बघू उद्या बघू करता करता ग्रँटच संपली. एम.एस. युनिव्हर्सिटीतच राहायचं ठरलं तर गुजरात सरकारची शोध योजना आहे, महिना १५,००० आणि वर्षाला वरखर्चाला २०,०००, दोन वर्षं. फार नाही, पण घर दांडिया बाजारात असेल तर भागतं. अटी मात्र सगळ्याच फेलोशिपच्या नीट वाच, सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हाही परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची असा करार होताच की!

बाहेर पडायची तयारी असेल तर त्रिवेंद्रमचं श्री चित्रा (वैद्यकीय संस्था), बंगलोरचं इनस्टेम (स्टेम सेलवरची), हैदराबादचं सीसीएमबी (पेशी आणि जनुकांवरची) ही नावं लिहून ठेव. श्री चित्रामध्ये इंजिनियर लोकपण भरपूर, १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवलेला चित्रा व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाची कृत्रिम झडप, तिथलाच. तुझ्या त्या मेकॅनिकलवाल्या मित्राला सांग.

पण पैशाच्या आधी एक गोष्ट लागते आणि तिथेच आपली मुलं मार खातात. मी ज्या लॅबमध्ये आहे तिथले अर्ज पहिल्यांदा माझ्याकडे येतात, आणि त्यात निम्म्या जणांच्या आजोबांना हार्ट अटॅक आलेला असतो. वाईट वाटतं, पण त्यावरून मला काय कळणार? तुला हृदयातलं नेमकं काय कळत नाहीये ते लिही. उदाहरण देते. सीसीएमबीच्या टीमने २००९ मध्ये दाखवलं की एमवायबीपीसी-३ या जीनमधला २५ बेसपेअरचा (डीएनएच्या २५ अक्षरांचा) तुकडा गळालेली माणसं आपल्या उपखंडात साधारण ४ टक्के आहेत आणि त्यांना पुढे हृदय कमजोर पडायचा धोका जास्त असतो. म्हणजे आपल्या गल्लीतसुद्धा दोन-चार जण निघतील. आणि त्यातल्या सगळ्यांनाच त्रास होत नाही. का होत नाही? एकटा हा बदल पुरतो की सोबत त्याच जीनमधला दुसरा बदल लागतो यावर नंतर काम झालंय, ते वाच, आणि मग तुला यातलं काय करून बघावंसं वाटतं, पेशींवर की झेब्राफिशसारख्या माशांवर की पेशंटच्या डेटावर, ते दहा ओळीत लिही. विषय हाच घे असं नाही, पण बडोद्याच्या मुलीने असं काही लिहिलं तर वाचणारा थांबतो.

ईमेलपण तसाच. 'रिस्पेक्टेड सर' करून पन्नास जणांना एकच मजकूर पाठवलेला लगेच ओळखू येतो, कधीकधी फाँटसुद्धा दोन तऱ्हेचे असतात. त्यांचा अलीकडचा एक पेपर खरंच वाच, त्यावर दोन ओळी, मग तू हाताने काय केलंयस ते लिही, वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची पद्धत), सेल कल्चर, आर सॉफ्टवेअरमध्ये ॲनालिसिस, जे खरं असेल तेच, कारण इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न कंट्रोल (तुलनेचा नमुना) काय घेतला होता हाच असतो. डेझर्टेशनमध्ये जे जमलं नाही तेही लिही, ते का जमलं नाही हे सांगता आलं तर उलट चांगलं. सीव्ही दोन पानी.

रेफरन्सचं, आपल्याकडे सर म्हणतात तूच लिहून आण मी सही करतो. असं झालं तर पूर्ण पत्र लिहू नकोस, तुझ्या कामाचे मुद्दे कागदावर देऊन ये आणि पत्र त्यांच्या ऑफिशियल मेलवरूनच जाऊ दे, जीमेलवरून आलेलं पत्र बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर, तरी नाही तर पुढचा गाइड, मनाला लावून घेऊ नकोस. ईमेलचा ड्राफ्ट झाला की पाठव, रविवारी बघून देते.